हुडका

दिवाणजींनी खोक्यात ‘पाटील’ लिहिलं आणि एंटर मारलं. पडद्यावर पाटीलच पाटील उतरले. एका पानावर शंभर, आणि खाली दुसऱ्या पानाचा आकडा. दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून फळीवरची लाल खतावणी ओढली. अंगठा ओला करून सात-आठ पानं उलटली आणि एका नावावर बोट ठेवलं. ‘‘हे बघा ताई. मोहोळचे पाटील, टॉवेलवाले.’’ सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. ती प्रणाली उभी करायला मला तीन महिने लागले होते.

ही गोष्ट २०२१च्या पावसाळ्यातली. पुण्यातली नोकरी लॉकडाऊनमध्ये घरून करता करता मी सोलापूरला आले ती परत गेलेच नाही. आमच्याकडची मुलं शिकली की हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातात आणि दिवाळीला नि गड्ड्याच्या जत्रेला तेवढी येतात. मी उलटी गाडी पकडली होती. घरच्यांना वाटलं, हिची नोकरी गेली. तेवढ्यात पूर्व भागातल्या एका घाऊक पेढीचं काम आलं. चादरी, टॉवेल, नॅपकिन, थोडे शाळेचे गणवेश. मालकांच्या मुलाला सगळा हिशेब ‘ऑनलाइन’ हवा होता. मालकांना तो दिवाणजींच्या डोक्यातून बाहेर यायला हवा होता. दिवाणजींना काय हवं होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी जँगो वापरते. हे पायथन भाषेतलं वेबसाइट बांधायचं साहित्य. त्याचा जन्म एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ हे दैनिक. तिथे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३मध्ये त्याला सुरुवात केली आणि जुलै २००५मध्ये ते जगाला खुलं झालं. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. या साहित्यातला सगळ्यात उपयोगाचा भाग म्हणजे त्याचं ‘ॲडमिन’. तुम्ही फक्त तक्ते सांगायचे: पार्टी, माल, बिल, गाव. नोंद भरायचे, दुरुस्त करायचे, खोडायचे पडदे ते स्वतःच तयार करतं. छापायची वेळ डोक्यावर आलेली असताना बातमीदारांना मजकूर भरता यावा, म्हणून ही सोय झाली. म्हणजे ॲडमिन हे मुळात आतल्या माणसांचं हत्यार. गिऱ्हाइकाला दाखवायच्या पानांवर आम्ही रंगरंगोटी करतो आणि आतला माणूस जो पडदा दिवसातून दोनशे वेळा बघतो, तो जसा आला तसा ठेवतो. मीही तेच केलं होतं.

त्या पडद्यावर डावीकडे वर शोधाचं खोकं असतं. त्याचा कारभार साधा आहे. ‘सर्च फील्ड्स’ नावाच्या यादीत तुम्ही जे रकाने लिहाल तेवढ्यातच ते बघतं. मी त्यात एकच रकाना लिहिला होता, पार्टीचं नाव. माणूस नावानं शोधणार, दुसरं काय? दिवाणजींच्या खतावणीवरचं ते बोट पाहीपर्यंत मला यात काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडलाच नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला, दिवाणजींच्या शेजारी स्टुलावर बसले आणि फोन आला की ते काय करतात ते बघत राहिले. दुपारपर्यंत एवढं कळलं की त्यांची खतावणी नावांच्या क्रमानं लावलेलीच नाही. ती गावांच्या क्रमानं आहे, आणि गावं वाटेच्या क्रमानं. पुण्याच्या वाटेवरचं मोहोळ आधी, मग पुढची. अक्कलकोटची वाट वेगळी, विजापूरची वेगळी, बार्शीची वेगळी. माल ज्या टेम्पोनं जातो त्या टेम्पोच्या वाटेनं पानं लागलेली. एका गावात पाटील असून असून किती असणार? तीन. त्यातला एक टॉवेल नेतो, एक चादरी नेतो आणि एकानं तीन वर्षांत काहीच नेलेलं नाही, पण येणं बाकी आहे. झाला शोध.

फोनवरचा माणूसही स्वतःचं नाव आधी सांगत नव्हता. ‘‘मंगळवेढ्याहून बोलतोय,’’ अशी सुरुवात. मग ‘‘मागच्या महिन्यात चारशे सतरा नंबरचं बिल झालं बघा.’’ नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही अर्धं. माझा तक्ता ज्या दारातून आत या म्हणत होता, त्या दारानं कोणी येतच नव्हतं.

पहिली दुरुस्ती पाच मिनिटांची होती आणि त्यातच निम्मं काम झालं, हे कबूल करायला हवं. यादीत गावाचा रकाना घातला, मोबाइल घातले, मालाचा प्रकार घातला. जँगोचा शोध जागा सोडून लिहिलेले शब्द सुटे करतो आणि प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या रकान्यात सापडलाच पाहिजे, असा आग्रह धरतो. त्यामुळे ‘मोहोळ पाटील टॉवेल’ असं उलटसुलट कसंही लिहिलं तरी एकच ओळ येते. हा गुण सोलापुरात फार कामाचा. इथल्या तेलुगू घरांत आडनाव आधी आणि नाव मागून, मराठी घरांत नाव आधी, कानडी लिंगायत घरांत कधी नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. क्रम पाळायचा म्हटलं असतं तर तीन नियम करावे लागले असते.

उरलेलं निम्मं काम मात्र पाच महिने चाललं.

सोलापूर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर समाज पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे, माग त्यांनीच चालवले. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांकडे कानडी घराघरांत आहे. उर्दू आहे. आणि या सगळ्यांना बांधणारी आमची मराठी, जिच्यात ‘‘काय करलालाव ओ?’’ असं विचारतात आणि जी ऐकून पुण्याचे लोक हसतात. एकाच माणसाचं नाव या चार बोलींतून फिरून माझ्या तक्त्यात येतं तेव्हा ते चार तोंडांचं होतं. नरसय्या, नर्सय्या, नरसैया. रोमन लिपीत गेलं तर शेवट एकदा ‘अय्या’ आणि एकदा ‘ऐआह’. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासून पार्टीचं कायदेशीर नाव इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्यायची पद्धत पडली, म्हणून नव्या नोंदी रोमन. जुन्या, खतावणीवरून उतरवलेल्या नोंदी देवनागरी. काउंटरवरचा पोरगा मोबाइलसारखं रोमन बडवतो, दिवाणजी मराठी कळफलक लावून एकेक अक्षर शोधतात. दोघंही एकाच माणसाला हाका मारतायत, आणि संगणक दोघांनाही म्हणतो, असं कोणी नाही.

सगळ्यात जास्त दमवलं ते ग्रामदैवतानं. सिद्धेश्वर. दुकानं त्यांच्या नावाची, ट्रान्सपोर्ट त्यांच्या नावाचे, निम्म्या पार्ट्यांच्या मालकांचं किंवा वडिलांचं नावही तेच. ‘सिद्धेश्वर’ शोधलं की काही सापडत आणि काही सापडत नसत. डोळ्यांना सगळी सारखीच दिसत होती. एका रात्री मी दोन नावं अक्षरन्‌अक्षर सोडवून पाहिली. एकात द, हलन्त, ध. दुसऱ्यात ध, हलन्त, द. म्हणजे कोणीतरी ‘सिध्देश्वर’ लिहिलं होतं. उच्चार करून बघा, जीभ अडखळते. पण हात अडखळत नाही. शहरातून चक्कर मारलीत तर पाट्यांवर दोन्ही सापडतील. मी तोवर तीस वर्षं त्या पाट्यांखालून गेले होते.

तिथून मग अक्षरांचाच नाद लागला. कऱ्हाडचं उदाहरण घ्या. एक म्हणजे निम्मे लोक ‘कराड’ लिहितात. पण ज्यांनी ‘कऱ्हाड’ लिहिलं त्यांचंही आपसांत जुळेना. तो र दोन तऱ्हांनी लिहिता येतो (‘तऱ्हा’ या शब्दातही तो आहेच). एक, नुक्ता असलेलं ऱ हे अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब. संगणकासाठी दोन वेगळी गावं. तीच तऱ्हा ॲ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली. त्याआधीची मंडळी अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि काही कळफलक आजही तेच करतात. ‘ॲडव्हान्स बाकी’ असा शेरा असलेल्या पार्ट्या काढायला गेले तर अर्ध्याच आल्या. अशी जोडरूपं एक करायची युनिकोडची ठरलेली रीत आहे. मला वाटलं, ती चालवली की सुटेल. नाही सुटलं. या दोन्ही जोड्या त्या रीतीच्या लेखी वेगळ्याच आहेत. आपल्या लिपीचं घरकाम आपल्यालाच करावं लागतं.

गावांची नावं ही आणखी वेगळी कटकट, पण तिच्यात निदान मजा होती. १ नोव्हेंबर २०१४ला कर्नाटकानं नावं बदलली तेव्हा गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं आणि विजापूरचं विजयपूर. आमच्याकडे विजापूर वेस आहे, विजापूर रोड आहे, त्यांचं काही विजयपूर झालं नाही. पुढे २०२३मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. बिलावर नवं नाव, तोंडात जुनं, ट्रान्सपोर्टच्या चिठ्ठीवर कुठलंही. मी गावांच्या तक्त्याला ‘इतर नावं’ असा एक जोडतक्ता दिला आणि तो भरायचं काम दिवाणजींवर सोपवलं. त्यांनी त्यात सरकारी नावं घातलीच, शिवाय टेम्पोवाल्यांची म्हणून जी नावं असतात तीही घातली. अमुक फाटा, तमुक पाटी. ती यादी मला सुचूच शकली नसती.

स्पेलिंगचा गुंता सोडवायला मी ‘सांगाडा’ काढला. जँगोत ‘गेट सर्च रिझल्ट्स’ नावाची एक कृती असते. खोक्यात लिहिलेला मजकूर आणि यादी तिच्या हाती येतात आणि तिनं निवडलेली यादी परत द्यायची असते. आपण ती आपल्या पद्धतीनं लिहू शकतो. मी असं केलं: प्रत्येक पार्टी जतन होताना नावाचा एक हाडांचा सांगाडा शेजारच्या लपलेल्या रकान्यात ठेवायचा. देवनागरी असेल तर आधी रोमन अक्षरांत आणायचं. शेवटचा ‘ऐआह’ असेल तर त्याचा ‘अय्या’ करायचा. मग ह काढून टाकायचा, म्हणजे ध चा द होतो आणि श चा स. दोनदा आलेलं अक्षर एकदाच ठेवायचं. आणि नावाच्या सुरुवातीलाच स्वर असेल तर तेवढा सोडून बाकी सगळे स्वर उडवायचे. सिद्धेश्वर, सिध्देश्वर, रोमनमधली त्याची चार रूपं, सगळ्यांची हाडं एकच: स द स व र. कऱ्हाड नि कराड दोन्ही क र ड. खोक्यात काहीही लिहिलं तरी त्याचाही सांगाडा करायचा आणि हाडाला हाड लावून बघायचं.

पहिल्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होते. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी ‘माने’ शोधलं. माने आले. सोबत मुन्ना आले, मीना आल्या आणि मोहनही आले, कारण ह गेल्यावर मोहनचं उरतं काय? म आणि न. दिवाणजी हसले नाहीत. त्यांनी माउस बाजूला ठेवला. ‘‘ताई, नाही सापडलं तर मी हुडकीन. चुकीचं सापडलं तर माल लातूरला जाईल आणि उधारी मंगळवेढ्याच्या नावावर चढेल.’’

शोधाच्या विषयावर मी बरंच वाचलं होतं. किती नेमकं आणि किती व्यापक, यावर लोकांनी ग्रंथ लिहिलेत. पण या दोन वाक्यांत जे आहे ते मला तिथे इतकं स्वच्छ मिळालं नव्हतं. इंटरनेटवर गाणं शोधताना जवळचं काही मिळालं तरी आपण खूश असतो. पेढीवर जवळचं म्हणजे चूक. आणि ती चूक दिवाळीला, हिशेब मिटवताना, दोन माणसांचं भांडण होऊन परत येते.

मग सांगाड्याला मागच्या दारी बसवलं. आधी साधा शोध करायचा, अक्षरांच्या दुरुस्त्यांसकट. त्यात एक जरी ओळ मिळाली तरी तेवढंच दाखवायचं. काहीच नसेल तरच हाडं काढायची, आणि वर पिवळ्या पट्टीत स्पष्ट लिहायचं: ‘या नावाचं कोणी नाही. जवळची नावं अशी.’ म्हणजे माणूस सावध होऊन बघतो. दिवाणजींना ही पट्टी आवडली. खोट्या माणसापेक्षा ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस बरा, असं त्यांचं एकूण धोरण दिसलं.

त्या पट्टीनंच मग माझी फजिती केली. मला लक्षातच नव्हतं की ॲडमिनमध्ये बिल करताना पार्टी निवडायची जी उघडझाप यादी असते, तीही आतून हीच कृती वापरते. तिथे पोरगा एकेक अक्षर बडवणार, थांबला की प्रत्येक वेळी मागे एक शोध होणार, आणि काही न मिळालेल्या प्रत्येक शोधाची एक पिवळी पट्टी कुठेतरी साठत राहणार. ती तिथे दिसत नाही. ती पुढचं पान उघडलं की दिसते. पोरानं बिल नीट जतन केलं आणि वर एकाखाली एक सात पट्ट्या झळकल्या: या नावाचं कोणी नाही, या नावाचं कोणी नाही. तो घाबरला. पार्टी समोर उभी, बिल झालेलं, आणि संगणक सात वेळा सांगतोय की हा माणूस अस्तित्वातच नाही. समोरच्या गृहस्थांनीही ते वाचलं. ‘‘मी हाय की ओ,’’ ते म्हणाले.

ती चूक हसण्यावारी गेली. दुसरी नाही गेली.

मोबाइल नंबर मी वेगळ्या तक्त्यात ठेवले होते, कारण एका पार्टीचे तीन-तीन नंबर असतात: मालकाचा, मुलाचा, दुकानाचा. शोधात तो तक्ता जोडला की पार्टीची ओळख पटते तितक्या वेळा तिची ओळ येते. तीन नंबर, तीन ओळी. हे होणार हे जँगोला माहीत आहे, म्हणून ती कृती यादीबरोबर दुसरी एक गोष्ट परत मागते, हो किंवा नाही: यात दुहेरी ओळी असू शकतात का? ‘हो’ म्हटलं की ते स्वतः गाळून घेतं. माझी कृती मी पहिल्यापासून स्वतः लिहिली होती आणि त्या जागी, काहीतरी द्यायचं म्हणून, ‘नाही’ देऊन टाकलं होतं. एका शब्दाचा आळस.

जानेवारीत, गड्ड्याच्या आदल्या आठवड्यात, एक नवी पार्टी नोंदली गेली. सकाळी नोंद, दुपारी दिवाणजींनी ती शोधली, तर एकाखाली एक तीन. त्यांना वाटलं, पोरानं घाईत तीनदा भरली. नीटनेटका माणूस तो. दोन ओळींवर खुणा केल्या, खाली ‘काढून टाका’ निवडलं. खात्री आहे का, असं विचारणारं पान आलं, त्यांनी ‘हो’ म्हटलं. मग मला फोन. ‘‘ताई, दोन काढल्या, तिन्ही गेल्या.’’

जायच्याच होत्या. ओळी तीन होत्या, माणूस एकच होता. जुन्या पार्टीला मी कुलूप घातलं होतं, जिच्या नावावर बिल आहे ती खोडताच येत नाही. पण ही नवी कोरी, एकही बिल नसलेली. रात्रीची प्रत काढलेली होती, पण रात्री ही नोंद नव्हतीच. ॲडमिन स्वतःच्या रोजनिशीत कोणी काय खोडलं ते लिहून ठेवतं, तिथे नाव मिळालं, फक्त नाव. पत्ता नाही, जीएसटीचा नंबर नाही, तिन्ही मोबाइल नाहीत. मी सगळी आशा सोडून पेढीवर पोचले तेव्हा दिवाणजी गल्ल्याखालच्या डायरीतून सगळं परत भरून मोकळे झाले होते. त्यांनी सकाळीच सगळं उतरवून ठेवलं होतं. ते नेहमीच ठेवत. ‘‘तुमचं चालू दे की,’’ म्हणाले, ‘‘माझं पण चालू दे.’’ मी त्या ‘नाही’चं ‘हो’ केलं. तिथेच, काउंटरवर बसून.

आकड्यांचं काम मात्र फुकटात झालं. दिवाणजी मराठी कळफलक न बदलताच ‘४१७’ लिहीत आणि बिलांचे नंबर तक्त्यात इंग्रजी आकड्यांत. मी बदलाची कृती लिहायला बसले, तर पायथनला देवनागरी आकडे मुळातच कळतात, ‘४१७’ दिलं तर तो निमूटपणे चारशे सतरा धरतो. इतक्या महिन्यांत आमच्या लिपीच्या बाजूनं घडलेली ही पहिली गोष्ट होती, म्हणून मुद्दाम नोंदवते.

खोक्याखाली एक ओळ छापायची सोय जँगोत चौथ्या आवृत्तीपासून आली. मी तिथे लिहिलं: ‘नाव, गाव, बिल नंबर किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे. कुठल्याही क्रमानं.’ तेवढ्यानं काउंटरवरच्या पोराचे फोन थांबले. इतका लांबचा उद्योग करून शेवटी सगळ्यात जास्त कामाला आली ती एक मराठी ओळ.

बटणावर ‘सर्च’ होतं. त्याचं काय करायचं म्हणून मालकांच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला ‘शोध’ करा. पुस्तकी वाटलं मला. त्या पेढीवर कोणी काही शोधत नाही, हुडकतात. दक्षिण महाराष्ट्राच्या बोलीतला हा शब्द, आणि कानडीत ‘हुडुकु’ म्हणजे शोधणंच. कानडी घरातल्या पोराला तो परका नाही आणि मराठी घरातल्या माणसाला तर नाहीच. तेलुगूत वेगळा शब्द आहे, पण दिवाणजी म्हणाले, चालतंय. साचा बदलून बटणावर ‘हुडका’ लिहिलं. पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला मी पडद्याचा फोटो पाठवला, त्यानं हसण्याची तीन चित्रं परत पाठवली. पाठवू दे.

आता पाच वर्षं होत आली. रोज संध्याकाळी दिवसभरातल्या रिकाम्या हुडक्यांची, म्हणजे ज्यांना काहीच मिळालं नाही अशा शब्दांची यादी माझ्याकडे येते, तेवढी सवय मी लावून घेतली. तुमच्याकडे असं काही चालत असेल तर बाकी काही करा न करा, ही यादी काढा. पडद्याचा रंग बदलण्याआधी काढा. सुरुवातीला ती दोन-दोन पानं येई. त्यात चुकलेली अक्षरं असत, जुनी गावं असत, एकदा दुपारी एकच्या सुमाराचं ‘शेंगा चटणी’ही होतं. ते कोणाचं, मी विचारलं नाही. हल्ली पाच-सहा शब्द येतात.

आणि काही प्रश्न त्या यादीत येतच नाहीत, कारण खोक्याला उत्तर मिळालेलं असतं. गेल्या सोमवारी पोरानं ‘वडगाव’ हुडकलं. अकरा पार्ट्या आल्या, चार वेगवेगळ्या वडगावांच्या. फोनवरच्या माणसानं तालुका सांगितला नव्हता आणि फोन ठेवून दिला होता. पोरानं मान वळवून दिवाणजींना विचारलं. दिवाणजींनी विचारलं, आवाज कसा होता.